पाच हजारांचा ब्रेक

दसरा उलटला की दिव्यात नव्या गाड्या दिसू लागतात. झेंडूचा हार, हँडलला लिंबू-मिरची, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. दिवाळी पाडव्यापर्यंत हा ओघ चालू राहतो. दिवा ठाणे महापालिकेत येतं, म्हणून नंबर एमएच-04. शेजारच्या डोंबिवलीतला भाऊ किंवा मेव्हणा तीच गाडी घेतो, तेव्हा त्याला एमएच-05 मिळतो. गाडी घरात यायच्या आधी महिनाभर चर्चा चाललेली असते आणि बहुतेक घरांत ती एकाच प्रश्नावर अडते: साधं मॉडेल घ्यायचं की वरचं?

हा प्रश्न दिव्यात इतका महत्त्वाचा का, हे समजायला आधी दिव्याची रेल्वे समजून घ्यायला हवी. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला पनवेलकडची आणि वसईकडची वाट इथेच फुटते. जंक्शन म्हणून नाव मोठं, पण गाडीत पाय ठेवायला जागा मिळेल याची खात्री नाही. 2 जानेवारी 2015 रोजी इथल्या प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला आणि मुंबईची लोकल तासन् तास ठप्प झाली. जलद गाड्यांना दिव्यात थांबा मिळाला तो 2016 च्या डिसेंबरात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला 2022 चा फेब्रुवारी उजाडला. आणि 9 जून 2025 च्या सकाळी, दिव्याच्या पुढच्याच मुंब्रा स्थानकाजवळ, दाराला लटकलेले प्रवासी धावत्या गाडीतून खाली पडले. त्यात जीव गेले.

ज्याला महापे, रबाळे, तळोजा किंवा डोंबिवली एमआयडीसीत कामाला जायचं आहे, तो मग दुचाकीचा विचार करतो. शिळफाट्याला बाहेर पडायचं आणि तिथून महाप्याकडे, कल्याणकडे किंवा मुंब्रा बायपासकडे वळायचं. बायपासवर न्हावाशेव्याचे कंटेनर, कल्याण-शिळ रस्त्यावर वर्षानुवर्षं चालू असलेली कामं, पावसात खड्डा कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नाही. अशा रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाच्या हातात कोणती गाडी आहे आणि त्या गाडीचं कोणतं मॉडेल आहे, याला मी हौसेचा विषय मानत नाही.

शोरूममध्ये गेलं की आपल्याकडचे ठरलेले प्रश्न निघतात. ऑन-रोड किती? अ‍ॅव्हरेज काय देते? डाऊन पेमेंट किती, हप्ता किती बसेल? पाडव्याला डिलिव्हरी मिळेल का? चार प्रश्नांत ब्रेक कुठेच नसतो. समोरचा विक्रेताही मोबाइल जोडता येणारा मीटर, एलईडी दिवा, नवा रंग आधी दाखवतो. ब्रेक दाखवून गाडी विकली जात नाही, हे त्याला ठाऊक असतं.

जाहिरातीतली किंमत बहुधा साध्या मॉडेलची असते. ती वाचून घरातून निघालेल्या माणसाला ते मॉडेल समोर उभं दिसेलच असं नाही. वरचं हजर असतं, साध्यासाठी थांबावं लागतं आणि पाडव्याचा मुहूर्त तर थांबत नाही. अशा घाईत दहा-पंधरा हजार जास्त मोजले जातात आणि ते कशाचे मोजले हे घरी आल्यावरही कळत नाही.

एक ताजं आणि अगदी स्वच्छ उदाहरण घेतो. बजाजची पल्सर एन160 जून 2022 मध्ये बाजारात आली. पल्सर म्हणजे पुणे जिल्ह्यातली, चाकणला तयार होणारी गाडी. 2001 च्या नोव्हेंबरात पहिली पल्सर आली तेव्हापासून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कितीतरी पोरांचं पहिलं स्वप्न हेच. एन160 दोन प्रकारांत आली. एकीत फक्त पुढच्या चाकाला एबीएस, दुसरीत दोन्ही चाकांना. इंजिन दोन्हींचं एकच, 164.82 सीसीचं, 16 पीएसचं. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत पहिलीची 1,22,854 रुपये, दुसरीची 1,27,853. पाच हजारांना एक रुपया कमी.

या पाच हजारांत काय मिळत होतं ते बघण्यासारखं आहे. मागच्या चाकाचं एबीएस तर होतंच. पुढची डिस्क 280 मिलिमीटरची होती ती 300 ची झाली आणि पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्कच्या नळ्या, 31 मिलिमीटरवरून 37 वर गेल्या. रंग किंवा स्टिकर यापेक्षा हे वेगळं आहे. हे सगळं गाडी थांबवणारं आणि खड्ड्यात सरळ ठेवणारं सामान आहे. महाराष्ट्रात या वर्गातल्या दुचाकीला किमतीच्या अकरा टक्के कर बसतो, म्हणजे पाच हजारांवर साडेपाचशे वाढले. तीन वर्षांच्या कर्जात हा सगळा फरक महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास बसतो. दिव्यात दोनशे रुपयांना किंमत आहे, हे मी जाणतो. तरीही माझं मत ठाम आहे: हे पैसे द्यावेत.

का, ते नीट सांगायला हवं, कारण एबीएस हा शब्द सगळ्यांना माहीत असतो आणि ते काय करतं हे थोड्यांना. चाकाजवळ एक दातेरी कडं असतं आणि त्याच्या शेजारी सेन्सर. गाडी पुढे जात असताना चाक एकदम फिरायचं थांबतंय असं सेन्सरला दिसलं की झडपा ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर सोडतात आणि पुन्हा देतात. हे एका सेकंदात अनेकदा होतं. परिणाम एवढाच की चाक जाम होत नाही आणि हँडल आपल्या ताब्यात राहतं. लिव्हर त्या वेळी हाताखाली थरथरते. पहिल्यांदा हा थरथराट जाणवला की घाबरून ब्रेक सोडू नये. दाबून धरावा. हे एक वाक्य शोरूममध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं पाहिजे. एबीएसलाही मर्यादा आहेत. सुट्या खडीवर थांबायला उलट थोडं जास्त अंतर लागू शकतं आणि टायर गुळगुळीत झाला असेल तर कोणतीही झडप रस्ता पकडून देऊ शकत नाही.

आता एक चाक की दोन? ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. तेच जाम झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, माणूस खाली. म्हणून पुढच्या चाकाचं एबीएस सगळ्यांत मोलाचं. ते नसलेल्या गाडीवरून ते असलेल्या गाडीवर येणं ही मोठी उडी आहे. एकावरून दोनवर जाणं ही त्यामानाने लहान उडी. मोटारसायकलच्या पुस्तकी ज्ञानावर बोलणारा माणूस इथे थांबेल आणि म्हणेल, एक पुरे.

पण आपल्याकडचा चालवणारा पुस्तकाप्रमाणे चालवत नाही. आपल्याला गाडी शिकवणाऱ्या काका-मामांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. हा सल्ला वाळू आणि शेणामातीच्या गावरस्त्यावर, ड्रम ब्रेकच्या जमान्यात दिलेला. तो हाडात मुरला. त्यामुळे शिळफाट्यावर समोरची रिक्षा अचानक थांबली की आपला उजवा पाय सगळ्या ताकदीने खाली जातो आणि हाताची बोटं मात्र अर्धवटच आवळली जातात. मागचं चाक जाम होतं, पाऊस असेल तर बाजूला सरकतं. मागे बायको आणि मध्ये मूल बसलेलं असेल तर ते सरकणं सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. ज्या देशात माणसं मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवतात तिथे मागच्या चाकाला एबीएस असणं जास्त गरजेचं आहे. म्हणून दोन्ही चाकांचं.

सगळीच वरची मॉडेलं मात्र अशा कारणाने वरची नसतात.

यामाहाची आर15 घ्या. डोंबिवली-कल्याणच्या कॉलेजांबाहेर ती रांगेने दिसते. सप्टेंबर 2021 मध्ये तिची चौथी आवृत्ती आली तेव्हा लाल रंगाची 1,67,800 ला होती, निळी 1,72,800 ला आणि आर15एम 1,77,800 ला. दहा हजारांचा पल्ला आणि इंजिन सगळ्यांत 155 सीसीचं तेच. निळ्या रंगात आणि एममध्ये क्विकशिफ्टर मिळत होता, म्हणजे क्लच न दाबता वरचा गिअर टाकायची सोय. शर्यतीच्या ट्रॅकवर ती सोय खरी आहे, कारण तिथे सेकंदाचे तुकडे मोजतात. दिवा ते महापे या वाटेवर गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि डाव्या हाताची बोटं क्लचवरून उठतच नाहीत. याच गाडीत दोन्ही चाकांचं एबीएस खालच्या मॉडेलातही होतं. तेव्हा रोजच्या कामासाठी इथे लाल गाडी हा सरळ शहाणपणाचा सौदा होता. वरची घेऊ नये असं मी म्हणणार नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला सोनेरी फोर्क आणि चंदेरी रंग आवडतो, त्यात वाईट काही नाही. फक्त पैसे आवडीचे जात आहेत हे त्याला आणि हप्ता भरणाऱ्या बापाला माहीत असावं.

उलट्या फोर्कचंही तेच. वरच्या मॉडेलांत हल्ली तो दिसतो, गाडीला रुबाब येतो. वेगात वळताना पुढचा भाग ताठ राहतो, हा त्याचा गुण. पण त्याची चकचकीत दांडी खाली, चाकाजवळ असते आणि दिव्याच्या पावसाळ्यातला चिखल नेमका तिथे उडतो. ऑइल सील गेलं की तेल खाली झिरपायला लागतं आणि दुरुस्तीचा खर्च साध्या शॉकअपपेक्षा जास्त. जुन्या गाड्यांच्या शॉकअपवर रबरी बूट चढवलेले असायचे, ते आपल्या रस्त्यांना जास्त समजून केलेलं काम होतं.

मॅकव्हील की स्पोक, हा शंभर-सव्वाशे सीसीच्या गिऱ्हाइकाचा जुना वाद. स्पोकचं चाक वाकलं तर तारा आवळून सरळ करता येतं, मॅकव्हीलला मोठ्या खड्ड्यात तडा जाऊ शकतो. म्हणून गावाकडे अजून स्पोकला मान आहे. माझं मत तरीही मॅकव्हील आणि ट्यूबलेसकडे झुकतं आणि कारण पुन्हा सुरक्षेचंच आहे. ट्यूब फुटली की हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतला तरी हवा सहसा हळूहळू उतरते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. रात्री साडेअकराला मुंब्रा बायपासवर तेवढा वेळ फार असतो.

वरचं ते चांगलंच, हा समज खुद्द पल्सरनेच एकदा खोटा पाडला होता. 2007 मध्ये पल्सर 220 आली ती फ्युएल इंजेक्शनसह, बजाजची पहिलीच तशी मोटारसायकल. तंत्रज्ञान नवं, किंमत चढी. 2009 मध्ये कंपनीने तीच गाडी साध्या कार्ब्युरेटरवर आणली, किंमत दहा हजारांहून जास्त उतरवली आणि ताकद मात्र वाढली, 20 च्या जागी 21 बीएचपी. प्रोजेक्टर दिवा तोच, मागची डिस्क तीच. रस्त्यावर त्यानंतर दिसली ती हीच स्वस्तातली 220 आणि आजही ठाण्याच्या रस्त्यांवर ती धावताना दिसते. पुढे एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 चे नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटरचे दिवस संपले, तो वेगळा भाग.

आणखी एक हिशेब गिऱ्हाइकाला सहसा कुणी समजावून देत नाही. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. 2022 च्या जूनमध्ये लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीपर्यंत तो 3,851 रुपये आहे आणि 150 च्या वर, 350 पर्यंत, 7,365. म्हणजे 149 सीसीची गाडी आणि 160 ची गाडी यांत साडेतीन हजारांचा फरक इथेच पडतो. ज्याला वेगाची हौस नाही त्याने 150 च्या आत राहून तेच साडेतीन हजार चांगल्या ब्रेककडे वळवले तर तो फायद्यात राहील. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असंही नाही, कुठल्याही मान्यताप्राप्त कंपनीचा चालतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे घरोघरी काही हजार वाचत आहेत. ते हजार कुठे घालायचे, हाच तर या लेखाचा विषय.

साधं आणि वरचं मॉडेल हा पेच आपल्या गल्लीपुरता नाही. जगभरात मजेसाठी वाळूत, डोंगरात चालवल्या जाणाऱ्या चार चाकी क्वाड बाईकच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं चालू आहे. होंडाने 1970 मध्ये फुगीर टायरची तीन चाकी गाडी काढली. सुझुकीने 1982 मध्ये चार चाकी क्वाडरनर आणली आणि 1985 मध्ये शर्यतीसाठीची क्वाडरेसर. तीन चाकी गाड्यांनी इतके अपघात घडवले की 1988 मध्ये अमेरिकेत कंपन्यांना सरकारशी तडजोड करून त्यांची विक्री थांबवावी लागली. आज या प्रकारातली सगळ्यांत ओळखीची गाडी यामाहाची रॅप्टर 700. तिचंही साधं मॉडेल आणि वरचं 700आर असं आहे. 686 सीसीचं इंजिन दोन्हींत एकच. फरक मुख्यतः शॉकअपचा. साध्यात थोडंफार आवळता येतं, आरमध्ये दाबाचा आणि परतीचा वेग वेगवेगळा लावता येतो, चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे. मोकळ्या वाळूत सरळ जाणाऱ्याला साधी पुरते, उड्या मारणाऱ्याला आर लागते. होंडाच्या 450आरमध्ये 2006 मध्ये सेल्फस्टार्टची आवृत्ती आली, तिथे फरक किक की बटण एवढाच. निवड करण्याची पद्धत मात्र दिव्यातल्या माणसाचीच: मी कुठे चालवणार, किती चालवणार आणि जादा पैशांनी माझ्या अंगाखालची गाडी नेमकी कुठे सुधारते?

आपल्याकडे या गाड्या हौशी लोकांपुरत्या राहिल्या. सुझुकीने गेल्या दशकात ओझार्क 250 साधारण साडेपाच लाखांना आणि क्वाडस्पोर्ट झेड400 साडेआठ लाखांना विकायला ठेवल्या. एवढे पैसे मोजूनही त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, कारण आपल्या नियमांत त्यांना पासिंग नाही. पोलारिसने 2020 मध्ये स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर म्हणून नोंदवून आणली, तेव्हा कुठे अशा एका गाडीला नंबर मिळाला. मुंबई पोलिसांना 2021 मध्ये चौपाट्यांवरच्या गस्तीसाठी वाळूत चालणाऱ्या गाड्या मिळाल्या, तो वापर योग्यच.

दिव्याचा या गाड्यांशी संबंध येतो तो कोकणाच्या वाटेने. रोहा, रत्नागिरी, सावंतवाडी या बाजूंना जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या दिव्यातून सुटतात आणि सुट्टीत इथली कुटुंबं रायगडच्या किनाऱ्याकडे निघतात. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, कुठेही उतरा, वाळूवर क्वाड उभ्या असतात, फेरीचे पैसे ठरलेले. तिथे कुणाला मॉडेल निवडायचं नसतं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पोर्ट क्वाड एका माणसासाठी बनवलेली असते. तिचा मागचा आख्खा आस एकसंध असतो, वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि चालवणाऱ्याने अंग आत झुकवून तोल सांभाळायचा असतो. मागे दुसरा माणूस बसला की ते झुकणंच बंद होतं. आणि वेग अंगठ्याने दाबायच्या लिव्हरवर असतो. मोटारसायकलची सवय असलेला हात घाबरला की मूठ घट्ट धरतो आणि अंगठा आणखी दाबला जातो. आपल्या किनाऱ्यांवर एका क्वाडवर आई, मूल आणि मागे उभा मालकाचा पोरगा असं दृश्य सर्रास दिसतं, डोक्यावर कुणाच्याच काही नाही. ही गाडी साधी असो की आठ लाखांची, असं बसून तिच्यावर फेरी मारू नये. मुलाला बसवायचं असेल तर लहान मुलांची, वेग बांधलेली, दोरी ओढताच इंजिन बंद होणारी गाडी मागावी. ती नसेल तर भेळ खाऊन परत यावं.

दुचाकीकडे परत येतो, कारण मोठा प्रश्न तिथे आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये अधिसूचना काढली, एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलांना आणि एप्रिल 2019 पासून सगळ्याच नव्या दुचाकींना ती लागू झाली. 125 सीसीच्या वर एबीएस सक्तीचं. 125 आणि त्याखाली सीबीएस चालेल, म्हणजे एक ब्रेक दाबला की थोडा जोर दुसऱ्या चाकालाही जाईल अशी जोडणी. सीबीएस उपयोगी आहे, मागचा ब्रेक दाबणाऱ्याच्या पुढच्या चाकालाही ते कामाला लावतं. पण चाक जाम होणं ते थांबवत नाही.

आता बघा, या 125 च्या रेषेखाली कोण आहे? स्प्लेंडर, 1994 पासून या देशाची कामाची गाडी, 97.2 सीसीची. शाइन, प्लॅटिना. अ‍ॅक्टिवा. दूधवाला, गवंडी, वॉचमन, कुरिअरवाला पोरगा, मुलांना शाळेत सोडून कामाला जाणारी आई, सगळे याच रेषेखाली. स्प्लेंडर प्लसच्या एक्सटेक मॉडेलला पुढची डिस्क मिळाली ती 2024 मध्ये. त्याच एक्सटेकला मोबाइल जोडणारा मीटर 2022 मध्येच मिळाला होता. अ‍ॅक्टिवाला जानेवारी 2023 मध्ये चावीशिवाय चालू होणारं वरचं मॉडेल आलं, पण 110 सीसीत वरचं घ्या की साधं, पुढे ड्रमच. डिस्क हवी असेल तर 125 वर जा. गिऱ्हाइकाला काय दाखवता येतं ते आधी येतं आणि त्याला वाचवणारं नंतर, हा क्रम मला मान्य नाही.

2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यांत 44.5 टक्के दुचाकीवरची होती. ही सरकारी आकडेवारी आहे. या माणसांपैकी कुणी कोणतं मॉडेल घेतलं होतं याची नोंद त्या आकडेवारीत होत नाही. व्हायला हवी.

जून 2025 मध्ये केंद्र सरकारने एक मसुदा काढला: जानेवारी 2026 पासून नव्या दुचाकींना, लहान इंजिनाच्या असल्या तरी, एबीएस सक्तीचं करावं आणि गाडीबरोबर दोन हेल्मेट द्यावीत. विरोधाचा मुद्दा अर्थातच किमतीचा आहे. शंभर सीसीच्या गाडीला डिस्क आणि एबीएस बसवायचं तर काही हजार वाढणार आणि ऐंशी हजारांच्या गाडीत काही हजार म्हणजे बरंच. हा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. दिव्यात घरभाडं, मुलांची फी आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर भरून उरलेल्या पैशातून हप्ता जातो. पण जीएसटीत दहा टक्के कमी झाले आहेत. ऐंशी हजारांच्या आसपासच्या गाडीत ते पैसे या खर्चाच्या तोडीचे आहेत. सरकारने सोडलेला कर ब्रेकमध्ये गेला तर गिऱ्हाइकाला आधीच्याच किमतीत सुरक्षित गाडी मिळेल. ही संधी पुन्हा येणार नाही. पुढच्या सगळ्या दिवाळ्यांना मीटरचे रंग आणि स्टिकर वरच्या मॉडेलसाठी खुशाल राखून ठेवावेत. ब्रेक मात्र प्रत्येक मॉडेलात सारखा असावा, अशी मागणी ठाणे-कल्याणच्या प्रवासी संघटनांनी रेल्वेच्या मागण्यांइतक्याच जोराने करायला हवी. लोकलमध्ये जागा नाही म्हणून जी माणसं रस्त्यावर आली, ती त्यांचीच माणसं आहेत.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात जे आहे ते असं. शोरूममध्ये माहितीपत्रक मागा आणि ब्रेकची ओळ सगळ्यांत आधी वाचा. एबीएस लिहिलं असेल तर एका चाकाचं की दोन्ही, हे विचारा आणि बुकिंगच्या पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. 125 च्या खाली घेत असाल तर डिस्कचं मॉडेल बघा, मोबाइल जोडणाऱ्याचं नको. टायर ट्यूबलेस घ्या. यानंतर पैसे उरले तर रंग निवडा. नियमाप्रमाणे गाडीबरोबर हेल्मेट मिळायला हवं, ते आयएसआय खुणेचं आहे का बघा, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं विकत घ्या. गाडी घरी आली की एखाद्या रविवारी सकाळी मोकळा, कोरडा रस्ता बघून, कमी वेगात, दोन्ही ब्रेक एकदम दाबून थांबायचा सराव करा. पुढच्या ब्रेकची भीती मोडायला तेवढा एक तास पुरतो. घरात बहीण किंवा बायको तीच गाडी चालवणार असेल तर तिलाही करू द्या.

आणि साध्या-वरच्यातला फरक पाच हजारांचा असेल आणि तो ब्रेकचा असेल, तर हप्ता दोनशेने वाढवा, पण तो ब्रेक घ्या.